आगाऊ तिकिटांचा आगाऊपणा

युरोपला जाऊन आलेल्या आपल्या लोकांत अलीकडे एक नवा पंथ निघाला आहे. पूर्वी परत आलेली माणसं आल्प्सचं बर्फ, पिसाचा मनोरा, तिथे पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं वगैरे सांगायची. हा पंथ फक्त तिकिटांबद्दल बोलतो. "म्युनिकहून बर्लिनला आम्ही वीस युरोंच्या आत गेलो, तुम्ही किती दिले?" आणि समोरच्याने शंभराच्या वरचा आकडा सांगितला की त्याच्याकडे असं काही बघतात, की जणू त्याचं पोर गणितात नापास झालंय!

माझा एक पुतण्या या पंथाचा कट्टर अनुयायी आहे. गेल्या गणपतीत आरती संपल्यावर त्याने घरातल्या सगळ्यांना सुनावलं, "काकू, महाग तिकीट असं काही नसतंच. आळशी माणसं असतात. तीन महिने आधी काढा, सगळं स्वस्त!" हातात प्रसादाची वाटी होती आणि घर दुसऱ्याचं होतं, म्हणून गप्प बसले. आता लिहिते.

आधीच सांगते, हे माझं रडगाणं नाही. मे २०२५ मध्ये आम्ही पाच जण जाऊन आलो. मी, मुलगा, सूनबाई, अकरा वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू. जर्मनी, ऑस्ट्रियाची एक कड, स्वित्झर्लंड आणि थोडंसं इटली. तिकिटांचं काम मुलाने नीट केलं, आणि मला दुसरा उद्योग नसल्यामुळे मी शेजारी वही घेऊन बसत असे. चौतीस वर्षं शाळेत काढली, हिशेब मांडायची खोड जात नाही. त्या वहीतून जे कळलं ते पुतण्याच्या म्हणण्याशी जुळत नाही, एवढाच माझा तंटा आहे.

तिथल्या रेल्वेत "सवलत" या एकाच शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि आपण त्या सगळ्या एका पिशवीत भरतो. एक सवलत तुम्ही कोण आहात यावर मिळते. लहान मूल, म्हातारं माणूस, मुलांना घेऊन निघालेलं कुटुंब. दुसरी, तुम्ही बाहेरचे पाहुणे आहात म्हणून. आणि तिसरी, तुम्ही तिकीट केव्हा काढलंत यावर. पुतण्या आणि त्याचा पंथ ज्या सवलतीचे गोडवे गातो ती ही तिसरी. माझं म्हणणं असं की ती मुळी सवलतच नाही. ज्याचं आयुष्य आधी ठरवता येतं त्याला दिलेलं ते बक्षीस आहे, आणि त्याची किंमत ज्यांना ते ठरवता येत नाही ते भरतात.

आता आपल्यासारख्या बाहेरच्या कुटुंबाचं बघा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. निकाल साधारण पंधरा दिवसांत लागतो, पण काही प्रकरणांत पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. जून २०२४ पासून मोठ्यांना नव्वद युरो आणि सहा ते अकरा वयाच्या मुलांना पंचेचाळीस युरो शुल्क आहे. म्हणजे आमच्या पाच जणांचे तीनशे साठ युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. हे झालं पैशांचं. खरी गोम पुढे आहे. एकट्या माणसाचा व्हिसा येतो किंवा येत नाही. कुटुंबाचे पाच अर्ज असतात आणि पाचही यावे लागतात. एका पोराचा कागद अडकला तर आई जाणार का? आई नाही तर बाकीचे जाणार का? जितकं कुटुंब मोठं तितकी ही टांगती तलवार मोठी. आमचे पासपोर्ट निघायच्या नऊ दिवस आधी हातात आले. ते नऊ दिवस म्हणजे आमचा आळस, असं पुतण्या म्हणणार का?

आणि नेमकं याच माणसाला सगळ्यात स्वस्त तिकीट सांगतं की, तीन महिने आधी ठरव आणि ठरवल्यावर हलू नकोस. जर्मन रेल्वेचं जे सर्वांत स्वस्त "सुपर श्पारप्राइस" तिकीट आहे, ते काढल्यावर परत करता येत नाही. शिवाय ते त्या एका गाडीला बांधलेलं असतं. दहा पंधराची गाडी म्हणजे दहा पंधराचीच. नातवाला शू लागली, म्हातारीचा गुडघा जिन्यात धरला, पुढची अकरा पंधराची गाडी अर्धी रिकामी असली तरी तुमचं तिकीट तिथे चालत नाही.

बरं, प्रवाशाला गाडीशी बांधलं तर गाडीलाही वेळेशी बांधायला हवं की नको? २०२४ साली जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर धावल्या. तेही सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर हा "वेळेवर"च धरून! जर्मनीचं घड्याळ आणि जर्मनीची आगगाडी यांची उदाहरणं आम्ही वर्गात देत आलो, ती आता जपून द्यायला हवीत. न्यायाने बोलायचं तर, पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर तिथे ही बांधिलकी सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे तासाभराच्या उशिराला तिकिटाचा चौथा हिस्सा आणि दोन तासांना निम्मे पैसे परत मागता येतात. हे चांगलंच आहे. पण परक्या देशात, परक्या भाषेतली फलाटावरची घोषणा ऐकून "आता आपलं तिकीट सुटलं" हे समजणं आणि पाच जणांचं बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या फलाटाकडे पळणं, हे वीस युरोंच्या हिशेबात कोणी मांडत नाही.

यावर पुतण्याकडे तयार उत्तर आहे. गाडीत रिकाम्या जागा जाण्यापेक्षा स्वस्तात भरलेल्या बऱ्या, आणि ऐनवेळी महाग तिकीट काढणारे कंपनीच्या पैशाने फिरणारे साहेब लोक असतात, त्यांच्याकडून घेतलं तर बिघडलं कुठे? ऐकायला बरोबर वाटतं. नोव्हेंबरातल्या मंगळवारी सकाळी ते खरंही असेल. पण मे-जूनमध्ये ऐनवेळी खिडकीशी उभं कोण असतं? व्हिसा उशिरा मिळालेले आम्ही. आई दवाखान्यात आहे असा फोन आलेला कोणी. नोकरीच्या मुलाखतीला निघालेला कोणी पोरगा. यांच्या मागे कुठली कंपनी उभी आहे?

दुसऱ्या सवलतीबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत, कारण आपल्याकडे युरोपचं नाव काढलं की कोणीतरी "पास घ्या, पास" म्हणतंच. युरेल पास १९५९ पासून आहे आणि तो युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठीच असतो. तिथे राहणाऱ्यांसाठी १९७२ पासून इंटररेल आहे. यात पासपोर्ट बघत नाहीत, राहण्याचं ठिकाण बघतात. म्हणजे भारतीय पासपोर्ट असूनही जर्मनीत नोकरी करणारा आपला भाचा इंटररेल घेणार आणि त्याच्याकडे आलेली त्याची आई युरेल. पासवर चार ते अकरा वयाची मुलं मोठ्यांबरोबर फुकट असतात, एका मोठ्यामागे दोन. साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूट. हे सगळं खरं आहे, आणि तारखा ठरत नसलेल्यांना पास ही खरोखर सोय आहे.

पण एजंट काय सांगत नाही ते ऐका. फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या वेगवान गाड्यांत पास असला तरी जागेचं आरक्षण वेगळं, पैसे भरून घ्यावं लागतं, आणि फुकट पासवरच्या पोरालाही ते लागतं. फ्रान्सच्या टीजीव्हीत आणि लंडनच्या युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठी जागाही मोजक्याच ठेवतात. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने असे पास घेतले आणि पॅरिसला जायच्या दिवशी गाडीत जागा असूनही "पासवाल्यांच्या जागा संपल्या" हे ऐकलं. पासाचे पैसे खिशातून गेलेले, वर पुन्हा पूर्ण तिकीट! त्या एजंटाने त्यांना हे आधी एका वाक्यात सांगितलं असतं तरी पुरलं असतं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत आरक्षणाची सक्ती नाही, तिथे पास सुखाने वापरता येतो. म्हणजे पास घ्यावा की नाही हे तुम्ही कोणत्या देशात किती दिवस फिरणार त्यावर आहे. आम्ही चारच मोठे टप्पे करणार होतो, तेव्हा वहीतल्या बेरजेने पास नको म्हटलं.

आता पहिल्या प्रकारच्या सवलतीकडे येते, जी मला खरी सवलत वाटते. म्युनिकहून आम्ही साल्झबर्गला गेलो ते बायर्न-तिकिटावर. पाच जणांपर्यंत सगळ्यांना मिळून एक तिकीट, दिवसभर, प्रादेशिक गाड्यांत कुठेही. कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर, एवढीच अट. सीमेपलीकडचं साल्झबर्ग त्यात बसतं. त्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर ऊन बघून ठरवलं आणि तिकीट काढलं. कोणी विचारलं नाही, तुम्ही आधी का नाही ठरवलं. गाडी सुटली तर पुढची. स्वित्झर्लंडात सहा ते पंधरा वयाच्या मुलांना आईबाप बरोबर असतील तर पाहुण्यांसाठीचं फॅमिली कार्ड फुकट मिळतं आणि मुलं फुकट फिरतात. आईबापांनी मात्र पास किंवा अर्ध्या तिकिटाचं कार्ड घेतलेलं असावं लागतं. अर्ध्या तिकिटाचं कार्ड, किती साधं नाव! कार्ड दाखवा, अर्धे पैसे द्या, हव्या त्या गाडीत बसा. तिथेही आगाऊ काढायची स्वस्त तिकिटं आहेतच. पण ती घेतली नाहीत तर शिक्षा होत नाही, आज काय आणि महिन्याने काय, साध्या तिकिटाचा दर तोच. (देश महाग आहे, हे कबूल. चहा प्यायला बसलं की कळतं.) आपल्या लोकांना युंगफ्राऊला जायचंच असतं, त्यांच्यासाठी सांगते. प्रवासी पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच पूर्ण चालतो, वर पंचवीस टक्केच सूट. अर्ध्या तिकिटाच्या कार्डावर वरपर्यंत निम्मं.

फ्रान्समध्ये एकोणपन्नास युरोंचं वर्षाचं कार्ड आहे, त्यावर मोठ्यांना तीस टक्के आणि बरोबरच्या चार ते अकरा वयाच्या मुलांना साठ टक्के सूट. साठीच्या पुढच्यांसाठी वेगळं. ब्रिटनमध्ये कुटुंबाचं रेलकार्ड मार्च २०२५ पासून पस्तीस पौंडांना आहे, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना साठ टक्के सूट. ही कार्डं परदेशी माणसालाही मिळतात आणि आपली मंडळी ती विचारतच नाहीत, कारण एजंटाला त्यात काही सुटत नाही. आणि लक्झेंबर्ग! २०२० च्या मार्चपासून तिथे गाड्या, बस, ट्राम सगळं फुकट आहे, फक्त पहिल्या वर्गाला तिकीट. देश चिमुकला आहे, पण तुम्ही कुठले हे तिथे कोणी विचारत नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे ताजमहालाच्या दारात देशी माणसाला पन्नास आणि परदेशी पाहुण्याला अकराशे रुपये लागतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयानेही जानेवारी २०२६ पासून युरोपाबाहेरच्यांना बत्तीस युरो केले. तिथल्या रेल्वेच्या खिडकीत मात्र माझा आणि माझ्यामागे उभ्या जर्मन आजीचा दर एकच होता.

फुकटाच्या पाठीमागेही कधी कधी अट दडलेली असते हेही लिहून ठेवते. इटलीच्या जलद गाड्यांत पंधरा वर्षांखालची मुलं फुकट नेण्याची योजना आहे, पण मग मोठ्यांना पूर्ण दराचं तिकीट लागतं, स्वस्तातलं चालत नाही. दोन्ही बेरजा करून बघायच्या. तिथल्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी यंत्रात घालून छाप उठवायचा, नाहीतर दंड. आणि जर्मनीचं महिनाभराचं डॉइचलांड-तिकीट १ मे २०२३ ला एकोणपन्नास युरोंना सुरू झालं, ते जानेवारी २०२६ पासून त्रेसष्टला आहे. प्रादेशिक गाड्यांसाठी उत्तम, परदेशी माणसालाही मिळतं, पण ते मासिक वर्गणीचं आहे. दहा तारखेच्या आत बंद करा म्हणून कळवलं नाही तर तुम्ही घरी वरणभात खात असताना तिथे पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

आता ज्या गोष्टीने मला खरोखर राग आला ती. जर्मनीत लांबच्या गाड्यांत चौदा वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात. फार चांगलं. त्याबरोबर कुटुंबासाठी एकत्र आरक्षणाची सोय होती, दुसऱ्या वर्गात १० युरो ४० सेंटमध्ये पाच जणांपर्यंतच्या जागा. आम्ही ती वापरली. नातू खिडकीशी, नात समोर, मी कडेला. आम्ही परत आलो आणि १५ जून २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता प्रत्येक जागेचे साडेपाच युरो, मुलांचेही. चार जणांचे बावीस, आमच्यासारख्या पाच जणांचे साडेसत्तावीस. मूल फुकट, पण ते आईशेजारी बसायचं असेल तर पैसे! आरक्षण न करता चढावं तर चढता येतं, सक्ती नाही. पण सुट्टीतल्या गर्दीच्या गाडीत सात वर्षांचं पोर एका डब्यात आणि आई दुसऱ्या डब्यात, असा प्रवास कोणती आई करेल? म्हणजे ती साडेपाच युरोंची नोट अशा माणसाकडून काढून घेतली जाते ज्याला नाही म्हणताच येत नाही. तिथल्या लोकांनी यावर बराच आरडाओरडा केला, हे वाचून बरं वाटलं.

पुतण्या पुढे म्हणाला होता, "आपल्याकडेही हेच यायला हवं." अरे बाळा, ते आलंय की! ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोमध्ये जागा भरत जातील तसा दर चढतो, दीडपटीपर्यंत. त्याच वर्षी एप्रिलपासून पाच ते अकरा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवी तर पूर्ण तिकीट झालं. आणि ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना साठीनंतर चाळीस टक्के आणि बायकांना अठ्ठावन्ननंतर पन्नास, ती २० मार्च २०२० ला करोनाच्या निमित्ताने काढली ती अजून परत आलेली नाही. सरकारने २०२४ मध्ये सांगितलं की प्रत्येक प्रवाशाला सरासरी सेहेचाळीस टक्के सूट आधीच मिळते आहे. असेल. पण ती पुतण्याला आणि मला सारखीच मिळते. माझ्या निवृत्तिवेतनाला आणि त्याच्या पगाराला एकाच तराजूत घालायचं, आणि वर त्याला फोनवर सकाळी आठला तिकीट काढता येतं म्हणून शाबासकी द्यायची, हा कुठला न्याय?

याउलट आमची एस.टी. बघा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टर विचारत नाही, "आजी, तीन महिन्यांपूर्वी का नाही ठरवलंत?" गाडी खिळखिळी असते, उशिरा येते, सगळं मान्य. पण सवलत माणसाकडे बघून दिलेली असते, कॅलेंडराकडे बघून नाही.

असो. माझी भाची येत्या मे महिन्यात नवरा आणि दोन पोरांना घेऊन निघाली आहे, तिचा परवा फोन आला होता. तिला इतकंच सांगितलं की व्हिसा हातात येईपर्यंत परत न करता येणारं एकही तिकीट काढू नकोस, पुतण्याने कितीही टोमणे मारले तरी. जवळचे टप्पे त्या त्या दिवशी प्रादेशिक तिकिटावर कर. स्वित्झर्लंडात खिडकीवर मुलांचं फॅमिली कार्ड तोंडाने माग. आणि जर्मनीतल्या प्रत्येक लांबच्या गाडीसाठी बावीस युरो वेगळे काढून ठेव, लेकरं तुझ्या शेजारी बसायला हवीत.